नळी कोण ओढतं

माझ्या नावावर तेवीस शोधनिबंध आहेत. बावीस उंदरांवरचे आणि एक माणसांवरचा. उंदरांवरचे बावीस बरोबर आहेत. त्यांतला कुठलाही आकडा मी आजही वही उघडून दाखवू शकतो. माणसांवरचा एक चूक आहे, आणि सगळ्यांत जास्त वाचला गेला तोच. माझ्याच गावातल्या, पिंपळवंडीतल्या ऐंशी माणसांच्या रक्तावर मी तो लिहिला. त्या ऐंशींत माझी वहिनी होती. तिला मी तोंडाने सांगितलं होतं, "तुमचं नॉर्मल आहे." त्या शब्दावर ती पुढची सहा वर्षं कामाला गेली.

मी विषांचा अभ्यास करतो, त्यातही मेंदूवर आणि नसांवर चालणाऱ्या विषांचा. माणसाने घ्यायची औषधं आणि पिकावर मारायची औषधं यांत आमच्या धंद्यात फार मोठा फरक नसतो. दोन्ही नसेवर जाऊन बसतात. किती आणि किती वेळ, एवढाच प्रश्न.

हात उचलायचा तर नस स्नायूकडे एक रसायन सोडते. काम झालं की ते रसायन तिथल्या तिथे मोडावं लागतं, नाहीतर स्नायू आखडलेला राहतो. ते मोडणारं एक एन्झाइम असतं. पिकावरची बरीच औषधं किडीतलं हे एन्झाइम बंद पाडतात आणि कीड मरते. माणसातही तेच एन्झाइम आहे. ते रक्ताच्या तांबड्या पेशींवर सापडतं, म्हणून मेंदू न उघडता मोजता येतं. रक्तात दोन द्रावणं घातली की पिवळा रंग चढतो. रंग जितक्या लवकर चढेल तितकं एन्झाइम शाबूत. माझ्या आयुष्यातली निम्मी वर्षं हा पिवळा रंग चढताना बघण्यात गेली.

तेरा वर्षं मी उंदरांवर काम केलं. उंदराचा मेंदू दोन ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. त्याला द्यायचं औषध मी त्याच्या वजनाप्रमाणे, चौथ्या दशांशापर्यंत तोलून द्यायचो. एकदा सुट्टीत घरी आलो तर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बाटलीच्या झाकणाने मापून ड्रममध्ये औषध ओतत होता. दोन झाकणं झाली, मग थोडं थांबून त्याने तिसरं ओतलं. मी विचारलं, "तिसरं कशाला?"

"यंदा कीड लई हाय," दादा म्हणाला.

तेव्हा डोक्यात आलं की उंदराला मी तोलून देतो, माझ्या भावाला कोण तोलून देतं. माणसांवरच्या निबंधाची सुरुवात ही अशी झाली. कल्पना माझी होती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे ती कोणाची यावर वाद झाला आणि चूक कोणाची यावर मात्र झाला नाही.

असं काम करायचं तर दोन गट लागतात. एक औषध मारणाऱ्यांचा, दुसरा न मारणाऱ्यांचा, तुलनेसाठी. दुसरा गट मी आधी वर डोंगरात, मढ गावी शोधला. दादाकडे कांदा काढायला मढकडची टोळी दरवर्षी येई, त्यामुळे ओळख होती. तिकडे भात, नाचणी, वरई. औषध मारण्यासारखं त्यांच्याकडे तेव्हा काही नव्हतं. बारा जणांचं रक्त घेऊन आलो. वाटेत पंक्चर झालं तेव्हा थर्माकोलच्या पेटीतला बर्फ वितळू लागला, म्हणून ओतूरला एका दूध डेअरीत बर्फ मागून पुन्हा भरला. बाराही आकडे चांगले आले.

माझ्या मार्गदर्शकांना ते पटलं नाही. त्यांना विभागात सगळे सर म्हणत, मीही म्हणत आलो. सर म्हणाले, "अरे, ती डोंगरातली माणसं. खाणं वेगळं, पाणी वेगळं. तुलना एका चुलीवरची पाहिजे. ज्या घरात एक जण फवारणी करतो, त्याच घरातला न करणारा घे."

ऐकायला बिनचूक होतं. मीच ते जास्त बिनचूक केलं. चाळीस घरं निवडली, प्रत्येक घरातून दोन माणसं. अर्जावर चौथा प्रश्न घातला: घरात फवारणी कोण करतं? पुरुष म्हणाले, मी. बायका म्हणाल्या, हे करतात. झाले दोन गट. न करणाऱ्या चाळिसांत सदतीस बायका आणि तीन म्हातारे.

औषध मारल्याच्या दिवशीच रक्त घ्यायचं ठरलं होतं. आम्ही पुण्याहून सातला निघायचो, दहाला शाळेच्या ओट्यावर टेबल लावायचो. कातडीवरचं औषध सुईबरोबर नमुन्यात जाऊ नये म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या. सगळे तसेच आले. बायका तर केसांना तेल लावून, ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. तंत्रज्ञ मला म्हणाला, "साहेब, हे शिबिर आहे का हळदीकुंकू?" मी हसलो.

वहिनीचा नंबर सातवा होता. सुई टोचताना तिने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुमच्या उंदरांना बी असंच करता का?"

"त्यांना एवढं विचारत नाही," मी म्हणालो.

महिन्याभरात आकडे आले. दोन गटांत फरक नाही. मी तीनदा तपासलं. पिवळा रंग दोन्हीकडे सारख्याच वेगाने चढत होता. मी खरं तर निराश झालो. सर खूश झाले. "फरक नाही, हाही निकालच आहे," ते म्हणाले. निबंध परदेशी नियतकालिकाकडे गेला. तिथल्या एका परीक्षकाने विचारलं, तुलनेच्या गटात जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत, मग स्त्री-पुरुष असल्याने फरक पडत नाही का? तांबड्या पेशींवरच्या एन्झाइममध्ये तो मोठा नसतो, असं मी संदर्भांसह दोन पानांचं उत्तर दिलं. ते उत्तर आजही बरोबर आहे. नवरा औषध मारत असताना ती बाई कुठे असते, हे परीक्षकाने विचारलं नाही. त्याला कुठून सुचणार? त्या गावात वाढलेल्या मला सुचलं नव्हतं.

निकाल लागल्यावर मी घरी जाऊन प्रत्येकाला आपापला आकडा सांगितला. याची सक्ती नव्हती. मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं. वहिनीचा आकडा गटाच्या सरासरीला धरून होता. नॉर्मल म्हणजे काय, तर त्या सदतीस बायका आणि तीन म्हातारे. तिला मी तिच्याच मापाने मोजलं होतं.

पुढच्या वर्षी दादाचा फोन आला. आवाजात कौतुक होतं. "तुझा कागद दुकानात लावलाय राव. प्लास्टिकमधी घालून." औषधांच्या दुकानदाराला कुठल्या तरी कंपनीच्या माणसाने निबंधाच्या पहिल्या पानाची प्रत दिली होती, खाली दोन ओळी मराठीत: आपल्याच भागातल्या शास्त्रज्ञाचं संशोधन, फवारणीचा आरोग्यावर परिणाम आढळला नाही. तोच कागद शेतकरी मेळाव्यांत दाखवत पारगावपर्यंत फिरवला गेला. मी त्या कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं. एकच गाव, एकच हंगाम, एवढ्यावर असं म्हणता येत नाही, असा मसुदा केला. सर म्हणाले, कशाला वाद. मसुदा फाईलमध्ये राहिला. त्याच वर्षी मला बढती मिळाली. अर्जात पहिल्या क्रमांकावर तोच निबंध होता.

सहा वर्षं गेली. जमिनीच्या कागदावर सही करायला मी एका मंगळवारी गावी गेलो आणि मुक्काम पडला. एरवी माझं गावी जाणं म्हणजे रविवारी सकाळी अकराला पोचायचं आणि जेवून परत. बुधवारी सहाला जाग आली ती इंजिनच्या आवाजाने. चहा द्यायला घरात कोणी नव्हतं, म्हणून शेताकडे गेलो.

दादा टोमॅटोच्या दोन ओळींमधून हातातली फवारणीची गन फिरवत चालला होता. डोक्याला टॉवेल, तोंडाला रुमाल. त्याच्या मागे पंधरा-वीस पावलांवर वहिनी होती. बांधावरच्या इंजिनपासून गनपर्यंत पिवळी नळी जाते, शंभरेक मीटरची. औषधाने भरली की जड होते. ती जमिनीवरून फरफटली तर टोमॅटोच्या आधाराच्या बांबूत अडकते, झाडं मोडतात. म्हणून मागे कोणीतरी ती खांद्यावर घेऊन ओढायची, वळणावर सोडायची, परत गोळा करायची. वहिनी ते करत होती. नळीला मध्ये जोड होता, त्याला चिंधी गुंडाळलेली, आणि ती चिंधी तिच्या खांद्यावर टपटपत होती. दादा पुढे फवारत होता आणि ती त्या ओल्या धुक्यातून मागून चालत होती. पदर नाकावर धरायला हात मोकळा नव्हता. दादा पुढे असल्याने निम्मा कोरडा होता. ती पाठीपर्यंत भिजली होती.

मी मोजलं. न मोजता मला उभं राहता येत नाही. एका ओळीला चार मिनिटं, अठ्ठावीस ओळी.

ड्रम संपल्यावर ती बांधावर आली. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही फवारणी करत नाही म्हणाला होतात."

"आमी कुठं करतो भाऊजी? औषध तर हेच मारत्यात. मी नुसती नळी वढते."

"अर्जावर तुम्ही घरकाम लिहून दिलं होतं."

"मंग? घरचंच काम हाय ना." तिने खांद्यावरचा ओला पदर पिळला. "तुमी इचारलं, फवारणी कोण करतं. नळी कोण वढतं, असं इचारलं व्हतं का?"

मी बांधावरच्या नळीकडे बघितलं.

"एवढं शिकला," ती म्हणाली, "आन् नळी मागनं आपोआप येती व्हय?"

दादा हसला. तीही हसली. मग ड्रममध्ये पाणी भरताना तिची उजवी पापणी फडफडताना दिसली, थांबली, पुन्हा फडफडली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, वर्षभर आहे. पोटऱ्यांत गोळे येतात. सुईत दोरा ओवता येत नाही. नारायणगावच्या डॉक्टरांनी नसांची कमजोरी सांगून गोळ्या दिल्या आहेत. "मी म्हनलं त्यांला, आमच्या भाऊजींनी रगत तपासलंय, त्यात काय नाय."

पुण्याला येऊन मी जुन्या वह्या काढल्या. मढचे बारा आकडे तिसऱ्या वहीत होते, त्यांवर लाल शाईने आडवी रेघ आणि माझ्या अक्षरात शेरा: आहार वेगळा, वगळले. पिंपळवंडीच्या चाळीस पुरुषांच्या आणि चाळीस न करणाऱ्यांच्या सरासरीपेक्षा बाराच्या बारा वर होते. फरक सहा वर्षं माझ्या कपाटात होता. दोन्ही गट सारखे होते, कारण दोन्ही भिजलेले होते.

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमच्या आई नव्हत्या का पायपंप मारत?"

होती. ते मी विसरलो नव्हतो. ते कधी काम म्हणून ध्यानातच ठेवलं नव्हतं. आमच्या लहानपणी पायाने दाबायचा पंप होता. आई ड्रमजवळ उभी राहून तो दाबायची, वडील नळी घेऊन ओळीत फिरायचे. आणि घरी आल्यावर आम्ही सगळे, आईसुद्धा, म्हणायचो की आज वडिलांनी औषध मारलं.

सरांकडे गेलो. ते आता विभागप्रमुख झाले होते. मी दोन्ही वह्या उघडून समोर ठेवल्या आणि निबंध मागे घ्यायचं पत्र ठेवलं. त्यांनी वह्यांकडे पाहिलं नाही. पत्र दोनदा वाचलं.

"ही चूक नाही," ते म्हणाले. "ही अभ्यासाची मर्यादा आहे. मर्यादा सगळ्या अभ्यासांना असतात."

"सर, तुलनेचा गटच गेला. मग उरलं काय?"

"उरलं काय विचारतोस? तुझी खुर्ची उरली. तुझ्या दोन विद्यार्थ्यांच्या पदव्या उरल्या, त्याच आकड्यांवर उभ्या आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गट तू निवडलास. गाव तुझं. एका चुलीवरचा घे म्हणालो होतो मी, घरातल्या बायका घे असं नव्हतो म्हणालो."

हे खरं होतं. सर आकड्यांत कच्चे असले तरी बोलण्यात कधी नव्हते.

त्यांनी सही केली नाही. मी एकट्याच्या सहीने पत्र पाठवलं. नियतकालिकाकडून उत्तर आलं की सर्व लेखकांची संमती आवश्यक आहे, प्रकरण विचाराधीन आहे. ते अजून विचाराधीन आहे. निबंध जागेवर आहे. अजून कुठून कुठून लोक त्याचा हवाला देतात आणि दर वेळी संगणक मला अभिनंदन कळवतो.

नवीन तपासणीला विभागाची परवानगी मिळाली नाही. वहिनीचं रक्त मी तरीही घेतलं, रीतसर, तिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, बाहेरच्या प्रयोगशाळेत. आकडा आधीच्याहून खाली होता. तिच्या हाताचं कारण हेच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी तेव्हा नीट मोजलं असतं तर कदाचित सांगता आलं असतं.

मग मी चाळीस घरं पुन्हा फिरलो. सदतीस बायकांतल्या चौतीस भेटल्या. दोघी मुलांकडे राहायला गेल्या होत्या, एक वारली होती. प्रत्येकीला सांगितलं की मी दिलेला निकाल चुकीचा होता, नॉर्मल म्हणालो ते नॉर्मल नव्हतं, माझी चूक झाली. ओरडलं कोणी नाही. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एक म्हणाली, "मंग आता काय निघालं?" आता काहीच काढलेलं नाही, असं सांगावं लागलं. दुसरीने चहा टाकला. तिसरी म्हणाली, "तवा सांगितलं असतं तर नळी वढत न्हाई म्हनलेलं सासूबाईंनी ऐकलं असतं. आता त्या बी न्हाईत ऐकायला."

दुकानातला कागद काढायला गेलो. दुकानदार म्हणाला, "काढा की. पर मागं भिंतीचा रंग येगळा झालाय पावणं. त्या जाग्यावर काय तरी लावून जा." मी कागदाच्या मागच्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं, नळी ओढणाऱ्यालाही औषध बाधतं, आणि तोच उलटा करून लावला. पुढच्या खेपेला तिथे कॅलेंडर होतं.

राहिली वहिनी. मी दादाला स्पष्ट सांगितलं की यापुढे तिने नळीला हात लावायचा नाही.

"बरं," दादा म्हणाला. "मंग नळी कोण वढणार? तू येतो का दर बुधवारी?"

मी दोन बुधवार गेलो. माझ्यासाठी रबरी कोट, हातमोजे आणि गाळणीचा मुखवटा घेतला, दादासाठीही. दादाने मुखवटा पहिल्याच ओळीला काढला. म्हणाला, दम कोंडतो. चौदाव्या ओळीला मला बसावं लागलं. तिसऱ्या बुधवारी विभागात बैठक होती. चौथ्या बुधवारीही काहीतरी होतं.

वहिनी आता नळी ओढत नाही. तिच्या पापणीचं फडफडणं कमी झालंय. सुईत दोरा अजून ओवता येत नाही. माझी बायको गेली की चार सुया ओवून ठेवते.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा इंजिन चालू होतं. दादा पुढे, मागे नळी ओढायला एक बाई. चाळिशीची, अंगाने बारीक, पाय अनवाणी. ड्रम संपल्यावर ती बांधावर आली, मला बघून थांबली आणि ओळखीचं हसली.

"तुमी आमच्याकडं मढला रगत घ्यायला आलता ना?"

बारा जणांतली होती. दादाने कांद्याच्या टोळीतून नवराबायकोला ठेवून घेतलं होतं. मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "तूच म्हनला ना, हिनं वढायची न्हाई."

मी म्हणालो, "मी असं नव्हतो म्हणालो." आणि म्हणताना मला सरांचा आवाज ऐकू आला.

मी मुखवटा कुठे आहे विचारलं. तो घरात खुंटीला होता. मी जाऊन आणला, तिला बांधून दाखवला, जोडाची चिंधी काढून नवीन पट्टा आवळला. तेवढ्यात इंजिन पुन्हा सुरू झालं. तिने नळी खांद्यावर घेतली आणि मुखवटा जरा खाली ओढून विचारलं, "तवा आमचं काय निघालं व्हतं, ते कुणी सांगितलंच न्हाई."

मढला मी निकाल सांगायला गेलोच नव्हतो. वगळलेल्यांना कोण सांगतं?

"चांगलं निघालं होतं," मी म्हणालो. "सगळ्यांत चांगलं."

ती नवऱ्याला ते ओरडून सांगत दादाच्या मागे ओळीत शिरली. मी बांधावर उभा राहून ओळी मोजत राहिलो.